दुसऱ्याच्या पोटाला चिमटा

परवा मावशी घरी आलेली. कट्ट्यावर मेथी निवडत बसली आणि बोलता बोलता म्हणाली, आमचा ठेका बदलला बघ, नव्या ठेकेदारानं निम्म्या बायका कमी केल्या आन् त्यात मी पण. एका सरकारी ऑफिसात १४ वर्षं झाडलोट, फरशी, संडास सगळं तिनं केलं. साहेबांना विचारायला गेली तर म्हणाले वरनंच आदेश आहेत, काटकसर करायला लागतीय, आमच्या हातात काय नाही. ती हे सांगत होती आणि हात चालूच होते, देठ एकीकडं पानं एकीकडं, आणि तिच्या बोटांच्या पेरांवर ॲसिडनं पडलेल्या भेगा मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसल्या.

तेव्हापास्नं काटकसर हा शब्द डोक्यातनं जात नाहीये. आमच्या घरात हा चांगला शब्द आहे. आई महिनाअखेरीला तेलाची बुधली उलटी करून ठेवायची, स्वतः दोन वर्षं एकच चप्पल शिवून घेत वापरली पण आमच्या पुस्तकांना कधी कमी पडू दिलं नाही, पोटाला चिमटा काढून म्हणतात ते हेच. पण तो चिमटा तिनं स्वतःच्या पोटाला काढलेला. दुसऱ्यानं येऊन तुमच्या पोटाला चिमटा काढायचा, तोही त्याच्या उधारीसाठी, तर त्याला काटकसर कसं म्हणायचं?

युरोपात २०१० नंतर नेमकं हेच झालं आणि त्याबद्दल मी बरीच वर्षं वाचत आलीय. २००८ ला बँका गाळात गेल्या, त्यांना सरकारांनी लोकांच्या पैशानं वर काढलं, धंदे बसले, कराचा पैसा आटला, सरकारांच्या डोक्यावर कर्ज चढलं, आणि ते फेडायला हात घातला कुठं तर पेन्शन, पगार, दवाखाने, शाळा यात. ग्रीसचं दुखणं आधीपासनंचं होतं, तिथल्या सरकारनं तुटीचे खरे आकडे लपवून ठेवलेले हे खरंय, पण ते काय झाडूवालीनं लपवलेले नव्हते. मे २०१० मध्ये ग्रीसला ११० अब्ज युरोचं कर्ज मंजूर झालं आणि त्याबरोबर अटींची यादी आली. अटी घालणारे तिघं, युरोपियन कमिशन, युरोपियन सेंट्रल बँक आणि नाणेनिधी, त्यांना मिळून लोक ट्रॉइका म्हणायला लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथलं किमान वेतन एका फटक्यात २२ टक्के कमी केलं, आणि २५ वर्षांच्या आतल्या पोरांचं तर ३२ टक्के.

मग मी मावशीला त्या ५९५ बायकांचं सांगितलं. ग्रीसमध्ये अर्थमंत्रालयाच्या ऑफिसांत झाडलोट करणाऱ्या ५९५ बायका, बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या, त्यांना सप्टेंबर २०१३ मध्ये खर्चकपातीत घरी बसवलं आणि काम खाजगी कंपन्यांना द्यायचं ठरलं. या बायका गप्प बसल्या नाहीत. अथेन्सला मंत्रालयाच्या दारासमोर येऊन उभ्या राहायला लागल्या, पुढं तर तिथंच फुटपाथवर तंबू ठोकून मुक्काम केला, पोलिसांच्या ढाली अंगावर घेतल्या, कोर्टात गेल्या. आणि त्यांची निशाणी काय तर फरशी पुसताना घालायचा लाल रबरी हातमोजा. मोजा घातलेली मूठ वर केलेली, नाहीतर विजयाची दोन बोटं. मोबाईलवर फोटो काढून मावशीला दाखवला. तिनं चष्मा लावला, फोटो बोटानं मोठा करून करून बघितला, आणि म्हणाली,

"आमास्नी हातमोजं कवाच मिळालं नाहीत बघ."

थोड्या वेळानं परत विचारलं, "आन् मग? घेतलं काय त्यास्नी परत?"

घेतलं. दीड वर्षाच्या वर बसल्या त्या, मग २०१५ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारनं त्यांना परत कामावर घेतलं.

आता मला यात सगळ्यात जास्त काय भिडतं सांगू का, हे एका देशात सुरू झालं की दुसऱ्या देशातली माणसं ते बघून उठत होती. १५ मे २०११ ला स्पेनमध्ये शहराशहरांत मोर्चे निघाले, माद्रिदमध्ये काही पोरं रात्री पुएर्ता देल सोल चौकातच थांबली, बघता बघता अख्खं गाव वसलं तिथं, स्वयंपाकघर, लायब्ररी, पोरं सांभाळायची जागा, आणि रोज उघड्यावर सभा. ग्रीसमध्ये तेव्हा अशी बातमी फिरली की स्पेनमधली माणसं म्हणतायत हळू बोला, ग्रीकांची झोप मोडेल. खरं खोटं कुणास ठाऊक, पण १० दिवसांत, २५ मेला, अथेन्सचा सिंतग्मा चौक भरला आणि तिथं चक्क स्पॅनिशमध्ये फलक लागला, आम्ही जागे आहोत! पुढं १४ नोव्हेंबर २०१२ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एकाच दिवशी पूर्ण संप झाला, इटली आणि ग्रीसमधले कामगार त्याच दिवशी काही तास काम बंद ठेवून रस्त्यावर आले. भाषा वेगळी, सरकार वेगळं, पण यादी पाठवणारे तेच, हे लोकांना कळलं होतं.

स्पेनमधल्या घरकर्जवाल्यांची गोष्ट तर आपल्याकडं प्रत्येक बचत गटात सांगायला पाहिजे असं मला मनापासनं वाटतं. तिथं कायदा असा की हप्ते थकले म्हणून बँकेनं घर घेतलं तरी कर्ज सहसा पुरतं फिटत नाही, लिलावात घराला कमी पैसे आले तर उरलेलं कर्ज तुमच्या मागं तसंच. घर पण गेलं आणि कर्ज पण राहिलं. २००९ मध्ये बार्सिलोनात काही जणांनी याविरुद्ध संघटना काढली, अदा कोलाउ त्यातलीच एक, जी २०१५ मध्ये त्याच शहराची महापौर झाली. त्यांचं काम कसं चालायचं तर दर आठवड्याला बैठक, गोल करून बसायचं, नवीन आलेल्या माणसानं आपलं सांगायचं. कित्येकांनी घरातसुद्धा सांगितलेलं नसायचं की नोटीस आलीय, लाजेनं. आणि तिथं बसल्यावर कळायचं की या खोलीतल्या सगळ्यांच्याच दारावर ती नोटीस आहे. मग ज्या दिवशी जप्तीवाले येणार त्या दिवशी हिरवे टीशर्ट घालून ५०-१०० माणसं दारात बसायची, सी से प्वेदे म्हणजे होय, जमतंय, अशी घोषणा. नोव्हेंबर २०१० मध्ये पहिली जप्ती अशी परतवली आणि मग परतवतच गेले. कायदा बदला म्हणून १४ लाखाच्या आसपास सह्या गोळा केल्या. संसदेनं मूळ मागणी पातळ करून टाकली, पण मान खाली घालून एकटं बसलेलं माणूस उठून दारात उभं राहिलं, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. कर्जाची लाज ही अन्यायापेक्षा जड असते, ज्यांच्या घरात हप्ते थकलेत त्यांना हे माहितीय.

कोल्हापूरकरांना हे सगळं लांबचं वाटायचं काही कारण नाही. २०१४ ला आयर्लंडमध्ये घरगुती पाण्यावर नवीन बिल लावायला निघालेले, लोक म्हणाले आम्ही करातनं पैसे भरलेत, परत कशाला भरायचे, आणि गल्लीगल्लीत मीटर बसवणाऱ्यांच्या पुढ्यात उभे राहिले, शेवटी २०१६ ला ती बिलं थांबवायला लागली. आणि त्याच काळात आपण इथं टोलनाक्यावर होतो! गावातल्या गावात फिरायला ३० वर्षं टोल द्यायचा, का तर रस्ते खाजगीतनं करून घेतले म्हणून. बाबांबरोबर मी पण मोर्चात चाललेली, ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील सर उन्हात पुढं, कॉम्रेड गोविंद पानसरे आण्णा, तालमीतली पोरं, सगळ्या पक्षांचे झेंडे, पेठांतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन, देणार नाही देणार नाही टोल आम्ही देणार नाही. बाबांचा घसा तीन दिवस बसलेला. २०१५ संपता संपता टोल गेला. आण्णांना ते बघायला मिळालं नाही, फेब्रुवारीतच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. फुलेवाडीकडं जाताना अजून माझी नजर टोलनाक्याच्या त्या जागेवर जातेच.

सगळीकडं जिंकलेत असं नाही, तेही सांगायला पाहिजे. ५ जुलै २०१५ ला ग्रीसमध्ये सार्वमत झालं, बँका बंद, एटीएममधनं दिवसाला ६० युरो फक्त, तरी ६१ टक्के लोकांनी त्या अटींना नाही म्हणून सांगितलं. आणि आठवड्याभरात त्याच सरकारनं नव्या कर्जाच्या अटी मान्य केल्या. मी तेव्हा रात्री जागून बातम्या बघत होते, मला रडू आलेलं. स्पेननं तर २०११ मध्येच संविधान बदलून कर्जफेडीला सगळ्यात पहिला मान देऊन टाकलेला, म्हणजे आधी सावकार आणि मग दवाखाना.

हे पण मी मावशीला सांगितलं, लपवलं नाही. ती म्हणाली, "आगं पर त्या झाडूवाल्या तरी गेल्या न्हवं आत." मेथी निवडून झाली, तिनं देठं कागदात गुंडाळली. मग म्हणाली कमी केलेल्या आम्ही ११ जणी आहोत, सगळ्यांचे नंबर माझ्याकडं आहेत, पण कुणी कुणाला फोन केला नाही अजून, ज्या कामावर राहिल्यात त्या तर बोलायलाच घाबरतात. मी म्हटलं तू कर की फोन. तिनं तिथंच बसून चार जणींना केले, बाकीच्यांना घरी जाऊन करतो म्हणाली.

रविवारी अकरा वाजता तिच्याकडं बसायचं ठरलंय. पगाराच्या पावत्या, पीएफचे कागद, ओळखपत्रं, ज्याच्याकडं जे असेल ते घेऊन यायचंय, अर्ज मी लिहिणार आहे. जाताना जिन्यात थांबून मावशी म्हणाली, "त्या लाल हातमोज्याच्या फोटोची कलर झेरॉक्स काढून आण गं. ११ काढ."