तुम्ही विचारलंत म्हणून: जादा आलेले पैसे सरकारनं परत मागितले तर

‘ताई, पैसे चुकून जास्त आले होते हे तर खरं ना? मग भरून टाका म्हणायचं सोडून तुम्ही अर्ज कसले लिहून देता?’ हा प्रश्न मला शेजारी विचारतात, माझा भाचा विचारतो, आणि माझ्याबरोबर नोकरी केलेली माणसं तर हमखास विचारतात. दर वेळी उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते अपुरंच राहतं. म्हणून आज बसून लिहिते आहे.

मी कोषागारात २९ वर्षं लेखा लिपिक होते. जादा दिलेल्या रकमेला आमच्या भाषेत ‘अतिप्रदान’ म्हणतात. अतिप्रदानाच्या वसुलीची पत्रं मी स्वतः ढीगभर लिहिली आहेत. ‘सदर रक्कम आपणाकडून वसूलपात्र असून’ हे वाक्य आजही झोपेत लिहू शकेन. ते पत्र ज्या घरात पोचतं तिथं काय होतं, हे मात्र निवृत्त होऊन तालुक्याच्या गावी राहायला आल्यावर कळलं. आता दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी ओसरीवर बसते. बाजाराला आलेली माणसं कागद घेऊन येतात.

पहिल्या आल्या त्या एक मावशी. नवरा एका सरकारी कार्यालयात शिपाई होता, निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत गेला. मावशींना कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झालं. याचा नियम असा, की सुरुवातीला वाढीव दरानं मिळतं, म्हणजे साधारण शेवटच्या मूळ पगाराच्या निम्म्यापर्यंत. हा वाढीव दर सात वर्षं, किंवा नवरा हयात असता तर ठरावीक वयाचा झाला असता तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. त्यानंतर दर ३० टक्क्यांवर येतो. ती तारीख पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, छापलेली असते. कार्यालयानं त्या तारखेला दर उतरवायचा असतो. मावशींच्या बाबतीत जून २०१८ ला उतरायला हवा होता. तो उतरला डिसेंबर २०२३ संपल्यावर.

साडेपाच वर्षं मूळ रकमेत दरमहा ५,४०० जास्त जात राहिले, वर त्यावरचा महागाई भत्ता. मावशींना यातलं काय कळणार? दर महिन्याला बँकेत जायचं, स्लिपवर अंगठा, पैसे घ्यायचे, किराणा भरायचा, नातीची फी भरायची. मग एका महिन्यात १९ हजार ७०० च्या जागी ६ हजार ८०० जमा झाले. दर खाली आला होता आणि वर ५ हजारांची कपातही सुरू झाली होती. पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं. रक्कम ४ लाख ५७ हजार. पाच हजारांच्या हप्त्यानं फिटायला साडेसात वर्षं लागणार, आणि मावशी तेव्हा ६३ वर्षांच्या.

त्यांनी पासबुक, पीपीओ आणि ते पत्र दुधाच्या पिशवीत घालून आणलं होतं. बसल्या बसल्या पहिलं वाक्य बोलल्या, ‘बाई, मी चोरी नाही केली हो.’ कुणी त्यांना चोर म्हटलंही नव्हतं. पत्रातली भाषाच तशी असते. आणि तसली भाषा मी इतकी वर्षं लिहीत होते.

मी म्हटलं, आधी हिशेब बघू. पत्राला तक्ताच जोडला नव्हता, नुसती एकूण रक्कम होती. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्ता आला. मी चष्मा पुसून, पेन्सिल घेऊन एकेक ओळ तपासायला बसले. जानेवारी २०२० पासून महागाई भत्ता २८ टक्क्यांनी धरला होता. आता कोविडच्या काळात भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला होता हे कुठल्याही पेन्शनराला विचारा, तो सांगेल. जानेवारी २०२० ते जून २०२१ असे १८ महिने तो वाढलाच नव्हता. म्हणजे जे पैसे मावशींना कधी मिळालेच नाहीत, तेही वसुलीत धरलेले. ५,४०० चे ११ टक्के ५९४. गुणिले १८. झाले १०,६९२ रुपये. ही एक चूक. दुसरी अशी, की सातव्या वेतन आयोगाची २०१६ पासूनची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायची होती, त्यातले दोन हप्ते मावशींच्या पासबुकात कुठेच दिसत नव्हते. त्यांच्याकडून घ्यायचं ते रुपयासकट लिहिलेलं, त्यांना द्यायचं ते तक्त्यात नाहीच.

तुमच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर हेच आहे. पैसे जास्त आले हे खरं असलं, तरी किती जास्त आले हे पत्रात लिहिलं म्हणून खरं होत नाही. ज्या हातानं आधी चूक केली, त्याच हातानं हा हिशेबही केलेला असतो. पगारदार माणसाकडून आयकर खात्यानं जादा मागितलं तर तो सीएकडे जातो, त्याला कुणी ‘भरून टाक ना’ म्हणत नाही. मावशींना सीए कुठला?

दुसरं, कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सांगितलं, की कर्मचाऱ्याची काही चूक नसताना जादा रक्कम गेली असेल, तर काही परिस्थितींत ती वसूल करता येणार नाही. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम जात राहिली असेल ते, आणि जिथं वसुली फारच अन्यायाची ठरेल अशी प्रकरणं. शिपायाची विधवा, साडेपाच वर्षं. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं काम. तसं झालं नाही. २०१६ मध्ये त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं, की जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलेलं असेल तर वसुली करता येते. आणि पेन्शन सुरू होताना जो कागदांचा गठ्ठा सह्यांसाठी पुढे येतो, त्यात हे हमीपत्र असतंच. मावशींचा अंगठा त्यावर होता. त्यावर काय लिहिलंय हे त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. असे अंगठे मीही घेतले आहेत, ‘इथं, आणि इथं’ म्हणत. त्याचं मला आज वाईट वाटतं.

सगळी प्रकरणं मावशींसारखी नसतात. एका जोडप्याला पीएम किसानचे पैसे दोघांच्याही खात्यावर येत होते. सातबारा वेगवेगळे, म्हणून केंद्रावरच्या मुलानं दोघांचीही नोंदणी केली. पण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं, आणि वर्षाचे ६,००० त्या एका कुटुंबाला. इथं मी म्हटलं, दादा, हे भरावे लागतील. पण सावकाराकडून उचलून नका भरू, फायनान्सवाल्यांकडून तर नकोच. हप्ते बांधून मागू. तहसीलदारांच्या नावे अर्ज केला, मिळकत लिहिली, सोयाबीन हाती यायचा महिना लिहिला. हप्ते मिळाले. प्रत्येक भरण्याची पावती घरातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला सांगितली, कारण भरलेल्याची नोंद न होता पुन्हा नोटीस आलेली मी पाहिली आहे.

आणि एक लाडकी बहीणवाली, निराधार बाई. तिला संजय गांधी योजनेचे दीड हजार मिळत होते. २०२४ च्या पावसाळ्यात फॉर्म भरायची जी झुंबड उडाली होती, त्यात कुणीतरी तिचाही भरला. दुसऱ्या योजनेतून दीड हजार मिळत असतील तर इथं पात्र नाही, हे त्या गर्दीत तिला सांगायला कुणाला सवड होती? फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर झालं, त्यातल्या २ लाख ३० हजार तिच्यासारख्या संजय गांधी योजनेतल्या होत्या. जुलै ते डिसेंबर २०२४ चे दिलेले पैसे परत घेणार नाही, असंही तेव्हाच महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं होतं. हा दुसरा भाग तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. गावातल्या एकानं तिला सांगितलं, ९,००० रोख दे, मी भरून येतो, नाहीतर पोलीस येतील. ती दोन शेळ्या विकायला बाजारात घेऊन आली होती आणि वाटेत माझ्याकडे डोकावली. मी तिला शेळ्या घेऊन घरी पाठवलं. त्या दिवशी मला किती बरं वाटलं, ते लिहून सांगता येत नाही.

सरकारचे पैसे म्हणजे लोकांचे पैसे, हे मला शिकवायला नको, आयुष्य त्यातच गेलं. बंगला, गाडी असताना खोटं लिहून पैसे घेणाऱ्याचा अर्ज मी लिहीत नाही, दोघांना परतही पाठवलं आहे. पण माझ्या ओसरीवर येतात त्यांचे पैसे केव्हाच तांदूळ, गोळ्या आणि एसटीच्या तिकिटात गेलेले असतात. त्यांना काय येतं आहे आणि का, हे समजून घ्यायची सोय आपण ठेवलेली नाही, आणि चूक उघडी पडली की सगळा भार त्यांच्यावर. कार्यालयातल्या ज्या टेबलावर दर उतरवायचा राहिला, त्याला महिन्याला पाच हजारांची झळ लागत नाही.

मावशींचं पुढं काय झालं, हेही लोक विचारतात. पाच महिन्यांनी उत्तर आलं. भत्त्याची चूक कबूल झाली, १०,६९२ वजा झाले. थकबाकीच्या दोन हप्त्यांचं ‘तपासून कळवण्यात येईल’ असं आलं. कपात पाच हजारांवरून दीड हजारांवर आली, तीन अर्ज आणि दोन फेऱ्यांनंतर. उरलेली वसुली मुळातच होऊ शकते का, यासाठी आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. तालुक्याच्या कोर्टातच तिचं कार्यालय असतं. स्त्रियांना तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते. आमच्या तालुक्यातल्या किती बायांना हे माहीत असेल? मावशींना एक तरुण वकीलबाई मिळाल्या आहेत. त्यांनी हमीपत्राची मूळ प्रत मागवली आहे.

मागच्या बुधवारी मावशी आल्या. तीच दुधाची पिशवी, आत नवा लखोटा. मी चष्मा शोधत होते, तोवर त्यांनी पत्र बाहेर काढलं, उलटंपालटं केलं, मागचं पान बघितलं.

‘बाई,’ त्या म्हणाल्या, ‘यालाबी तक्ता जोडलेला नाही.’