सरांचं अकरा मिनिटांचं उत्तर

मी एका पदवीधर आमदारांच्या प्रसिद्धीचं काम बघतो. विधान परिषदेचे आमदार, फक्त पदवीधरांच्या मतांवर निवडून आलेले. नाव, पक्ष, जिल्हा लिहीत नाही. घर अजून याच पगारावर चालतं. मतदारसंघ पाच जिल्ह्यांचा, मुदत सहा वर्षांची, आणि ती आता संपत आलीय. त्यामुळे आमच्या कार्यालयात सध्या दुसरा विषय नाही.

या निवडणुकीतली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. मागच्या वेळची मतदारयादी यंदा रद्दी. दर निवडणुकीला यादी नव्याने बनते. 1 नोव्हेंबर ही अर्हता तारीख. तिच्या आधी किमान तीन वर्षं पदवी झालेली असेल त्यानेच फॉर्म 18 भरायचा, पदवीचा पुरावा जोडायचा. सहा वर्षांपूर्वी सरांना मत दिलेला माणूस यंदा फॉर्म भरायला विसरला, तर तो मतदारच नाही. बरं, कार्यकर्त्याने पिशवीभर फॉर्म नेऊन दिले तर घेत नाहीत, पण संस्थाप्रमुखाने आपल्या कर्मचाऱ्यांचे एकत्र पाठवले तर चालतात. म्हणजे ज्याच्या घरात शिक्षणसंस्था त्याची निम्मी यादी घरबसल्या तयार. आमचे सर निवृत्त प्राध्यापक, त्यांच्या नावावर साधी बालवाडी नाही.

म्हणून युट्यूबवाले. पंचविशी-तिशीतला पदवीधर पेपर वाचत नाही, आमची पत्रकं तर नाहीच नाही. त्याला फॉर्म भरायला लावायचा तर मोबाइलमधूनच गाठायला हवं. मी सुचवलं, पाचही जिल्ह्यांतले राजकारणावर बोलणारे पोर्टलवाले, युट्यूबर, फेसबुक पेज चालवणारे, दोन-तीन ब्लॉग लिहिणारे एकत्र बोलवू. सर दोन तास बसतील. पुढच्या सहा वर्षांत काय करणार ते सांगतील, मग काय विचारायचं ते विचारा.

आमचे कार्यालयप्रमुख म्हणाले, ‘पॅकेज मागतील.’ मागितलंच. विधान परिषदेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा नाही. लोकसभा-विधानसभेला आहे, इथे नाही. मतदारांना हे ठाऊक नसतं, पोर्टलवाल्यांना पाठ असतं. एकाने फोनवर दरपत्रकच वाचून दाखवलं: बाईटचा दर वेगळा, लाईव्हचा वेगळा, आणि ‘निगेटिव्ह न चालवण्याचा’ आणखी वेगळा. मी सांगितलं, चहा-नाश्ता मिळेल, येण्याजाण्याचं पेट्रोल मिळेल, बाकी काही नाही. तरी बोलावले त्याहून जास्तच आले. पेट्रोलच्या नावावर आलेल्यांतला एक आमच्याच गल्लीत राहतो.

खोली मात्र मी माझ्या पद्धतीने लावली, आणि त्याबद्दल मला थोडा अभिमान आहे. पत्रकार परिषदेत टेबलावर चॅनलवाल्यांच्या बूम माईकची गर्दी होते आणि माणूस त्यामागे हनुवटीपर्यंत बुडतो. मी एकच माईक ठेवला, त्याचाच आवाज सगळ्यांना वाटून दिला. एसी बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरते आणि मग तुकडा कापून वापरता येत नाही. मागे फ्लेक्स नाही, साधी भिंत. सरांना टेबलामागे न बसवता खुर्ची पुढे घेतली. कार्यालयप्रमुखांना हे आवडलं नाही. ‘फ्लेक्स नाही म्हणजे चिन्ह नाही, नाव नाही, कशाला बोलावलंय मग?’ त्यांची सगळी कारकीर्द फ्लेक्सवर गेलीय.

पहिला तास सरांनी मुद्दे मांडले. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या प्राध्यापकांची थकलेली बिलं. परीक्षा शुल्क, 2023 च्या तलाठी भरतीला खुल्या गटातून 1000 रुपये घेतले होते, जागा 4644 आणि अर्ज दहा लाखांच्या वर. पेपरफुटी. अंशतः अनुदानित शाळांच्या अनुदानाचा पुढचा टप्पा. आणि जुनी पेन्शन, जी आमच्या पत्रकावर एक नंबरला होती, जाड अक्षरात: ‘जुनी पेन्शन मिळवून देणारच!’ उद्गारचिन्हासकट. मजकूर कार्यालयप्रमुखांचा, मांडणी माझी.

समोरचे निम्मे मोबाइलमध्ये. हे काही नवं नाही. त्यांना धोरण नको असतं, थंबनेल हवं असतं.

मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरांसाठी चॅनल चालवते. बूम नाही, कॅमेरामन नाही, मोबाइल एका छोट्या ट्रायपॉडवर. हातात प्रिंटआऊट होते. सभागृहाच्या कामकाजाचे. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, परिषदेचं कामकाज छापून घेऊन आलेला पत्रकार मी पाहिलेला नाही. तिने कडेला पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

म्हणाली, ‘सर, तासिकावाल्यांचा प्रश्न तुम्ही तीन अधिवेशनांत मांडलात. एकदा लक्षवेधी सूचना, एकदा तारांकित प्रश्न, एकदा औचित्याचा मुद्दा. तिन्ही वेळा उत्तर आलंय, कार्यवाही सुरू आहे. मला विचारायचंय ते एवढंच, तुम्ही पुन्हा निवडून आलात तर चौथ्यांदा काय वेगळं होईल?’

कार्यालयप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी मध्ये बोलायचं असतं, ‘वेळ कमी आहे, पुढचा प्रश्न घेऊ’. सरांनी बसल्या जागेवरून हात केला, थांब म्हणून.

आणि मग ते वर्गात शिकवायचे तसे बोलायला लागले.

लक्षवेधी कशी लागते इथून सुरुवात. सूचना द्यायची, सभापतींनी स्वीकारायची, विभागाने निवेदन तयार करायचं. ते निवेदन लिहितो कोण? ज्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर फाइल अडलीय तोच. मंत्री ते वाचून दाखवतो. मी उपप्रश्न विचारतो, तो म्हणतो बैठक लावू, मी खाली बसतो. बैठक लागते, इतिवृत्त निघतं, फाइल कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढते आणि वित्त विभागात जाते. तिथून शेरा घेऊन खाली येते. शेरा काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग म्हणाले, ‘आता आमच्या सभागृहाचं. पैशाचं विधेयक आम्ही फार तर 14 दिवस ठेवू शकतो. बाकीचं पहिल्यांदा तीन महिने, खालच्या सभागृहाने पुन्हा मंजूर केलं तर आणखी एक महिना. झालं. त्यापुढे आमची संमती असो नसो, कायदा होतो. अविश्वास ठराव आमच्याकडे येत नाही. म्हणजे सरकारला माझी भीती वाटावी असं कारणच नाही. त्यांना फक्त माझा कंटाळा येऊ शकतो. सहा वर्षं मी त्याच कंटाळ्यावर काम केलंय.’

कुणीतरी हसलं. ती मुलगी हसली नाही. ‘मग पत्रकावर ‘मिळवून देणारच’ का लिहिलंय?’

सरांनी पत्रक हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवून वाचलं. मला वाटतं, त्यांनी ते तेव्हाच नीट पाहिलं. म्हणाले, ‘हे मी करू शकत नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन द्यायची की नाही हे सरकार ठरवणार. फेब्रुवारी 2024 ला निर्णय निघाला, जाहिरात त्या तारखेच्या आधीची आणि रुजू नंतर झाले त्यांना पर्याय मिळाला. त्याचं श्रेय घेणारे तुम्हाला प्रत्येक जिल्ह्यात भेटतील. ते झालं संपामुळे, कोर्टामुळे आणि निवडणुका तोंडावर होत्या म्हणून. माझी पत्रं त्या फाइलला होती. एवढंच. पुन्हा निवडून आलो तर पुन्हा पत्रं देईन, पुन्हा उभा राहीन. त्यांना विसरू देणार नाही. याहून जास्त कुणी सांगत असेल तर त्याला राज्यघटनेचं कलम 197 वाचायला द्या.’

अकरा मिनिटं. माझ्या रेकॉर्डरवर आहेत. सरांची सभागृहातली भाषणं मी ऐकलीयत, प्रचारसभा ऐकल्यात, पण आमदारकी म्हणजे नेमकं काय असतं हे इतकं सरळ त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. कुठल्याच आमदाराने सांगितलेलं मला आठवत नाही.

लगेच पुढच्या रांगेतल्या एकाने, गल्लीतल्याच त्या पेट्रोलवाल्याने, विचारलं: ‘सर, पक्षाने तिकीट नाही दिलं तर अपक्ष लढणार का?’

सर अजून मागच्या उत्तरातच होते. म्हणाले, ‘बघू, तेव्हाचं तेव्हा.’

संध्याकाळपर्यंत सगळीकडे तेच. ‘सर बंडाच्या पवित्र्यात?’ प्रश्नचिन्ह म्हणजे या लोकांचा वकील, काहीही आरोप करा, तो सोडवतो. एकाने सरांचा फोटो लाल करून डोळ्यांत ठिणग्या टाकल्या होत्या. पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचा फोन, मग मुंबईहून फोन, मग खुलासा, मग खुलाशाच्या बातम्या. फॉर्म 18 चा उल्लेख एकट्या एका ब्लॉगवाल्याने केला, तोही फॉर्मचा नंबर चुकवून.

अकरा मिनिटांतलं एक वाक्य कुणी घेतलं नाही. एकानेही नाही. कार्यालयप्रमुख खूश. ‘वाचलो,’ म्हणाले. विरोधकाच्या हाती ‘हे मी करू शकत नाही’ एवढाच तुकडा लागता तर पाचही जिल्ह्यांच्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरला असता, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पदवीधरची निवडणूक तशी बारीक असते. पसंतीक्रमाची मतं, जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त लागतं, नाही मिळालं तर तळापासून एकेक उमेदवार बाद करत त्याची दुसरी-तिसरी पसंती वाटत बसायचं. अमरावतीची 2023 ची मोजणी दुसऱ्या दिवशीही चालू होती. आणि पदवीधर म्हणवणारे मतदार आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनने 1 आकडा लिहायच्या ऐवजी बरोबरची खूण करतात, सही करतात, आणि मत बाद करून घेतात. अशा निवडणुकीत कुणालाही कोलीत द्यायचं नसतं.

पण मी वाट बघत होतो ती त्या मुलीच्या व्हिडिओची. बाकीच्यांचं जाऊ दे, प्रश्न तिचा होता, तयारी तिची होती. एक दिवस गेला, आठवडा गेला. तिच्या चॅनलवर चालू घडामोडी, गणिताच्या युक्त्या, सगळं येत होतं. हे नाही. मला पहिली शंका आली ती आमच्याच कार्यालयाची. कुणी फोन तर नाही केला? कार्यालयप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, ‘अहो, तिचा नंबर तुमच्याकडेच आहे.’

मग मीच फोन केला. म्हटलं, ‘ताई, त्या दिवसाचं टाकलं नाहीत?’

‘एडिट करून ठेवलंय, दादा,’ ती म्हणाली. ‘पण टाकवत नाही. आमच्या पोरांनी ऐकलं तर म्हणतील, मग फॉर्म भरायचा कशाला. आधीच कुणी भरत नाही.’ थोडं थांबून म्हणाली, ‘आणि त्यातलं नेमकं एक वाक्य कापून कुणीतरी सरांना पाडेल. सर मला आवडले.’

ज्या कामाचा दर मला दरपत्रकात वाचून दाखवला होता ते काम या मुलीने फुकट केलं, आणि तेही सगळ्यांत चांगला प्रश्न विचारून. मी तिला टाका म्हणून आग्रह केला नाही. माझा पगार सरांच्या निवडून येण्यावर आहे. पण तिचं पहिलं कारण मला अजून पटत नाही. पोरं फॉर्म भरत नाहीत ती खरं कळलं म्हणून नव्हे. दर सहा वर्षांनी ‘मिळवून देणारच’ ऐकून कान किटलेत म्हणून. हे तिला सांगायला हवं होतं की नको, ते ठरत नाही.

पत्रक सरांनी बदलायला लावलं. ‘मिळवून देणारच’ काढून ‘पाठपुरावा करणार’ घातलं. डिझायनर म्हणाला, उद्गारचिन्ह ठेवू का?

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. परवा कार्यालयप्रमुखांना म्हटलं, आपल्याच पेजवर पूर्ण टाकू, न कापता. ते म्हणाले, मतदान होऊ द्या, मग खुशाल टाका. म्हटलं, मतदान झाल्यावर ते बघणार कोण?

‘म्हणूनच तर,’ ते म्हणाले, आणि फ्लेक्सवाल्याला फोन लावला.