चर्चची भिंत, मामांना नोटीस आणि न मिळणारी नक्कल

कुठल्याही ट्रस्टमधून बाहेर पडलेल्या माणसाने एक कागद जन्मभर सांभाळावा. आपलं नाव परिशिष्ट एकवरून, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवरून, कमी झालं, याची सही-शिक्क्याची नक्कल. राजीनाम्याची झेरॉक्स उपयोगाची नाही, ठरावाची वहीसुद्धा एकटी पुरत नाही. हे मी रागाने लिहितोय, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

माझे मामा निवृत्त शिक्षक, वय 78. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ट्रस्टवर ते बरीच वर्षं विश्वस्त होते, 2011 साली तब्येतीमुळे राजीनामा देऊन मोकळे झाले. गेल्या पावसाळ्यात चर्चच्या आवाराची जुनी दगडी भिंत रस्त्याकडे कोसळली. तिच्या आडोशाला फळांची गाडी लावणाऱ्या माणसाचा पाय मोडला. मंडळीतल्या पोरांनीच त्याला सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, नेलं. गुन्हा दाखल झाला, पोलिसांनी ट्रस्टचा उतारा, म्हणजे त्याच परिशिष्ट एकची प्रत, मागवला आणि उताऱ्यावर जी नावं दिसली त्यांना नोटिसा काढल्या. नावं पाच. त्यातले दोघे देवाघरी गेलेले, एकजण अंथरुणाला खिळलेले, एकजण मुलीकडे पुण्याला. कोल्हापुरात हिंडते-फिरते असे मामाच उरले.

नोटीस आली व्हॉट्सॲपवर. पोलिसांपुढे हजर राहण्याची अशी नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "त्यावर भांडत बसू नका. कागदावर मागून घ्या आणि दिलेल्या तारखेला हजर राहा." ते बरोबरच होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) च्या नोटिशीला मान देऊन हजर राहणाऱ्याला पोलीस सहसा अटक करू शकत नाहीत. करायचीच झाली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. नोटीस हातात आली की आधी कलम बघा. 35(3) असेल तर तुमच्यावर संशय आहे. 179 असेल तर तुम्ही साक्षीदार आहात, आणि साठीच्या पुढच्या माणसाला साक्षीसाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं.

त्याआधी आम्ही दुसऱ्या एका वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी बसल्या बसल्या अटकपूर्व जामिनाची फी सांगितली. मामींनी बांगड्या काढायची तयारी केली होती, म्हणून हे मुद्दाम सांगतो. निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 125(ब), हा गुन्हा जामीनपात्र आहे. शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. जामीन हा इथे हक्क आहे, तो पोलीस ठाण्यातच मिळतो. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते, त्या शब्दाने घाबरून जाऊ नका.

वकीलबाईंचं म्हणणं सरळ होतं. फौजदारी कायद्यात केवळ पदावर होता म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्या माणसाने स्वतः काय केलं, किंवा करायला हवं असून काय केलं नाही, ते दाखवावं लागतं. नुकसानभरपाई हा वेगळा, दिवाणी मामला आणि तो ट्रस्टवर येतो. मामांच्या बाबतीत एवढंच सिद्ध करायचं होतं की भिंत पडली तेव्हा ते ट्रस्टमध्ये नव्हते. "विश्वस्त बदलल्याचा जो बदल अर्ज दिला होता, त्याच्या फायलीतून राजीनामा, ठराव आणि रोजनाम्याची, म्हणजे तारखांच्या नोंदीची, नक्कल काढा, तपास अधिकाऱ्याला द्या, विषय संपेल," त्या म्हणाल्या.

ती नक्कलच मिळेना.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आमच्या मंडळीने तो वेळेत दिला होता. पण त्या वर्षी मंडळीत दोन गट पडले, एका गटाने हरकत घेतली आणि अर्ज तारखांवर तारखा पडत निकालाविना राहिला. पुढच्या कार्यकारिणीचा अर्ज त्याच्यामागे अडकला, त्याच्या पुढचा त्याच्यामागे. म्हणून चौदा-पंधरा वर्षांनीही उताऱ्यावर तीच पाच नावं, वारलेल्यांसकट.

नकलेचा अर्ज घेऊन मी धर्मादाय कार्यालयात गेलो. कोर्ट फी स्टॅम्प लावला, पोच घेतली. पुढच्या खेपेला उत्तर आलं, फाईल सापडत नाही. त्यानंतर, रेकॉर्डचे कर्मचारी रजेवर. त्यानंतर, तुम्ही विश्वस्त नाही, तुम्हाला नक्कल कशी द्यायची? मामांचं अधिकारपत्र दिलं. मग पुन्हा फाईल सापडत नाही. खिडकीशी उभं राहून मी त्या टेबलावरची नावं पाठ केली होती. इकडे तपास अधिकारी फोन करत होते. ते माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांनाही कागद हवा होता. मामा रात्री उठून बसायचे. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस. फाटक वाजलं की पोलीस आले का म्हणून विचारायचा. मला त्या कार्यालयाचा जो संताप आला तो या एका गोष्टीसाठी. तिथल्या कुणाला हे दिसत नव्हतं.

कोंडी फुटली ती एका जुन्या पावतीमुळे. मंडळीच्या माजी सेक्रेटरींच्या घरी बायबलच्या खोक्यात बदल अर्जाची मूळ पोच निघाली. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेली, पण शिक्क्यातला आवक क्रमांक आणि वर्ष स्पष्ट वाचता येत होतं. मी दोन गोष्टी केल्या. तो क्रमांक घालून नकलेचा अर्ज नव्याने दिला आणि त्याच दिवशी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात फायलीची पाहणी मागितली. माहिती अधिकारात तीस दिवसांची मुदत असते, आणि मुदत असली की कुणीतरी कपाट उघडतं. फाईल निघाली. नंतरच्या एका बदल अर्जाला जोडून ती पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात, लाल फडक्यात बांधून ठेवलेली होती. राजीनामा, त्यावर मामांची सुरेख वळणदार सही, मंजुरीचा ठराव, सगळं जागच्या जागी.

नक्कल हातात आली तेव्हा मी तिथेच बाकावर बसून प्रत्येक पानावरचा शिक्का तपासला. तुम्हीही तपासा, एका पानावर शिक्का राहिला तर पुन्हा खेप.

एक सांगायचं राहिलं. पोलिसांनी जबाब लिहून घेतला तर त्यावर सही करायची नसते, कायद्यातच तसं आहे. मामांनी विनयाने तेवढं सांगितलं, कुणी रागावलं नाही. स्वतःविरुद्ध काही बोलायची सक्तीही कुणावर करता येत नाही.

फळवाल्याच्या औषधपाण्याचा खर्च मंडळीने पहिल्या आठवड्यापासून उचलला. काहींना वाटलं, पैसे दिले म्हणजे गुन्हा कबूल. तसं नाही. कार्यकारिणीचा ठराव करा, रक्कम चेकने द्या आणि ही मदत जबाबदारी मान्य न करता माणुसकीने दिली आहे, असं लिहून ठेवा. त्याच्या बायकोला भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची वाट मीच दाखवली. स्त्रियांना उत्पन्न न बघता तिथे मोफत वकील मिळतो. पाय त्याचा मोडला आहे, त्याला न्याय मिळालाच पाहिजे. फक्त तो मामांकडून नव्हे. आणि भरपाईसाठी चर्चची जागा विकू म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही.

पोलिसांनी ऐकलंच नसतं तर गुन्हा रद्द करून घ्यायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली उच्च न्यायालयात जावं लागलं असतं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे कोल्हापुरातच भाऊसिंगजी रोडवर, सीपीआरसमोर बसतं, एवढा आधार मनात होता. तशी वेळ आली नाही. दोषारोपपत्रात मामांचं नाव साक्षीदारांच्या यादीत आहे. त्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी "सलाम गुरुजी" म्हणत त्यांचा हात धरला, तेव्हा मामा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.

उताऱ्यावर मात्र अजून तीच पाच नावं आहेत. वारलेल्या दोघांचे मृत्यूचे दाखले मी काढून आणले आहेत, आणि जुना बदल अर्ज निकाली काढावा म्हणून मंडळीने आता वकील दिला आहे. पुढची तारीख लागली आहे.