मागच्या रांगेतली जागा

"हांगा येयात, म्हजेलागीं. म्हाकाय स्टेप्स येनात!"

आज फोंड्यातल्या झुंबा क्लासला नव्या आलेल्या ताई दारातच थबकल्या होत्या, ओढणी मुठीत घट्ट धरून. मागच्या रांगेतल्या मावशींनी आपली पाण्याची बाटली, नॅपकिन सगळं बाजूला सारून त्यांना जागा करून दिली.

दुसऱ्या गाण्याला दोघी चुकीच्या पायावर, पण खदखदून हसत होत्या.

ट्रेनर कितीही चांगला असो, माणसं टिकतात ती अशा मावशींमुळे. ऑक्सफर्डच्या वल्हेपटूंवरचा एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला होता. श्रम तेवढेच, पण एकट्यापेक्षा सगळ्यांबरोबर तालात वल्ही मारल्यावर त्यांची वेदना सोसायची ताकद जास्त भरली.

कोणी चार दिवस दिसलं नाही तर आवर्जून फोन करणारं तुमच्या क्लासात कोण आहे?