मण्याचं भोक

काल दुपारी शर्टाचं बटण लावायला बसले, शिवणाच्या डब्यात हात घातला तर बटणांच्या तळाशी तो मणी. अकीक नावाच्या लाल दगडाचा, चिंचोक्याहून लहान, भाजलेल्या विटेहून जरा गडद. झालं, बटण राहिलं बाजूला.

हा तेरचा. धाराशिवजवळचं तेर, माझं आजोळ. तिथे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. पहिला दणकून पाऊस झाला की पांढरीची माती धुवून जायची आणि आम्ही पोरं माना खाली घालून मणी वेचत फिरायचो, काचेचे, शंखाचे, आणि नशीब जोरावर असेल तर हे लाल. आजी म्हणायची ‘आणा रे इकडं’, आणि त्यातला एक धाकट्याच्या करगोट्यात ओवायची, नजर लागू नये म्हणून. सातवाहनांच्या काळात हेच गाव तगर होतं, इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा, हे फार नंतर कळलं.

मला वेड आहे ते मण्यापेक्षा भोकाचं. अकीक भलता कडक. गुजरातेत खंबातचे कारागीर आधी दगड भाजतात, आतलं लोखंड तापून तो लालबुंद होतो, आणि मग धनुकलीच्या गिरमिटाला हिऱ्याची कणी लावून निम्मं भोक या बाजूनं, निम्मं त्या बाजूनं पाडतात. मधे दोन्ही भोकं भेटतात, पण कधीकधी केसभर चुकतात. एकदा एका जत्रेत ‘तिबेटी, दोनशे वर्षं जुना’ म्हणून एक मणी गळ्यात मारला मला, भोक बघितलं तर नळीसारखं सरळ गुळगुळीत. चुकायला माणूसच नव्हता त्यात!

आणि आम्ही काय केलं? खिसे भरभरून उचलले. मणी मातीतून काढला की तो कुठल्या थरातला, कुणाच्या घरातला, ते कायमचं गेलं, परत मातीत पुरून काही येत नाही. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरेंनी असं सगळं गोळा करून जपलं म्हणून निदान तिथे म्युझियम तरी आहे. हाही तिकडेच द्यायला हवा, दर वर्षी म्हणते.

पण उजेडाकडे धरला तर भोक आरपार दिसत नाही. मधे, जिथे ती दोन भोकं चुकलीयेत ना, तिथे आजीच्या काळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलाय. देण्याआधी तो काढायला लागेल. सुई हातात होतीच, नाही घातली.

बघू, पुढच्या वेळी.