स्टॅटव्होल्टमध्ये दडलेला प्रकाशाचा वेग

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात भौतिकशास्त्राची जी जुनी पुस्तके आहेत, त्यांतली बरीचशी सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत लिहिलेली आहेत. अभ्यासक्रम बदलला म्हणून ती रद्दीत काढावीत असे अधूनमधून सुचवले जाते, पण मला ते मुळीच मान्य नाही. त्यांतली सोडवलेली उदाहरणे आजच्या मार्गदर्शक पुस्तकांपेक्षा कितीतरी अधिक विचार करायला लावतात. अडचण येते ती विद्युत क्षेत्राच्या तीव्रतेपाशी. पुस्तकातले उत्तर स्टॅटव्होल्ट (त्या जुन्या पद्धतीतले व्होल्टेजचे एकक) प्रति सेंटिमीटरमध्ये असते, विद्यार्थ्याला शिकवलेले असते व्होल्ट प्रति मीटर, आणि मग तो मोबाईलवर एक आकडा शोधून त्याने गुणून मोकळा होतो. तो आकडा २९,९७९ हा आहे. तो कुठून येतो हे समजून घेतल्याशिवाय तो वापरू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेले असतात आणि बोलण्यात एकर असतात. एक हेक्टर म्हणजे अडीच एकरांना थोडे कमी, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. तिथे दोन्ही मापे क्षेत्रफळाचीच आहेत, फक्त पट्टी लहान-मोठी आहे. विद्युत क्षेत्राच्या बाबतीत मात्र पट्टीबरोबर प्रभाराची (विद्युतभाराची) व्याख्याच बदलते. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंदवर उभ्या असलेल्या जुन्या स्थितिकविद्युत पद्धतीत प्रभाराला स्वतंत्र एकक दिलेले नव्हते: निर्वातात एक सेंटिमीटर अंतरावर ठेवलेले दोन समान प्रभार एकमेकांना एक डाइन (त्या पद्धतीतले बलाचे एकक) बलाने दूर ढकलत असतील, तर त्यांपैकी प्रत्येक प्रभार एक स्टॅटकूलोम, असे ठरवलेले होते, आणि म्हणून कूलोमच्या नियमात कोणताही स्थिरांक लिहावा लागत नसे. १९०१ साली इटलीच्या जोव्हान्नी जॉर्जी यांनी मीटर, किलोग्रॅम आणि सेकंद यांच्या जोडीला विजेचे एक चौथे मूलभूत एकक घ्यावे असे सुचवले. त्याच विचाराची परिणती पुढे १९६० मध्ये स्वीकारल्या गेलेल्या एसआय, म्हणजे आजच्या आंतरराष्ट्रीय, पद्धतीत झाली, ज्यात अँपिअर हे मूलभूत एकक आहे.

आता प्रत्यक्ष रूपांतर पाहू. क्षेत्राची तीव्रता म्हणजे एकक प्रभारावरचे बल. डाइन हा न्यूटनचा एक लाखावा भाग आहे, आणि एका कूलोममध्ये सुमारे ३०० कोटी स्टॅटकूलोम असतात. तेव्हा एक डाइन प्रति स्टॅटकूलोम म्हणजे ३०० कोटी भागिले एक लाख, अर्थात सुमारे ३०,००० न्यूटन प्रति कूलोम. हेच विभवाच्या (व्होल्टेजच्या) बाजूनेही तपासता येते: एक स्टॅटव्होल्ट म्हणजे सुमारे २९९.८ व्होल्ट, आणि एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असल्यामुळे पुन्हा तोच आकडा मिळतो. विद्यार्थ्यांनी दोन्ही वाटांनी जाऊन पाहावे, कारण शंभराने गुणायचे की भागायचे, हा गोंधळ दुसऱ्या वाटेवर सर्वाधिक होतो.

जुन्या पुस्तकांत आणखी एक एकक भेटते, ते अ‍ॅबव्होल्ट प्रति सेंटिमीटर. ते चुंबकीय बलावरून बांधलेल्या पद्धतीतले असून व्होल्ट प्रति मीटरचा केवळ दहा लाखावा भाग आहे. या दोन जुन्या एककांचे गुणोत्तर काढले की सुमारे ३,००० कोटी येते, आणि प्रकाशाचा वेग सेंटिमीटर प्रति सेकंदात मोजला तर तोही तेवढाच आहे. १८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी प्रभाराच्या स्थितिकविद्युत आणि चुंबकीय एककांमधले नाते प्रयोगाने मोजले होते. त्यांच्या आकड्यावरून निघणारा वेग फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने मोजलेल्या प्रकाशवेगाच्या इतका जवळ आहे हे पाहून प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग असावा या निष्कर्षाला मॅक्सवेलला बळ मिळाले. एककांच्या कोष्टकात एवढी मोठी गोष्ट दडलेली असताना आपण ती पाठांतराच्या वहीत कोंडून ठेवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर आले की ते ओळखीच्या परिमाणांशी ताडून पाहावे. कोरड्या हवेत ठिणगी पडण्यासाठी साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र लागते. जुन्या एककात ते जवळजवळ बरोबर १०० स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर होते, आणि लक्षात ठेवायला याहून सोपा आकडा नाही. निरभ्र दिवशी मोकळ्या वावरात जमिनीलगत सुमारे १०० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र असते, म्हणजे एका स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटरचा फक्त तीनशेवा भाग. विदर्भातल्या शेतांवरून ४०० आणि ७६५ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वीजवाहिन्या जातात, आणि त्यांच्याखालच्या क्षेत्राबद्दल लोक विचारतात. ५० हर्ट्झसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसामान्य लोकांकरिता दिलेली पातळी ५,००० व्होल्ट प्रति मीटर आहे. जुन्या एककात ती एका स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटरच्या एक षष्ठांशच्या आसपास येते. ज्याच्या उत्तरात टॉवरखालचे क्षेत्र १०० स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर निघाले, त्याने हवेतच ठिणग्या पाडल्या आहेत, हे त्याला स्वतःलाच कळायला हवे.

एका ठिकाणी विशेष सावध राहावे लागते. विद्युत विस्थापनाचे (सूत्रांत D ने दाखवतात त्या, क्षेत्राशी जोडलेल्या राशीचे) रूपांतर क्षेत्रासारखे सरळ होत नाही. जुन्या पद्धतीत तिथे ४π हा गुणक येतो, म्हणून एक कूलोम प्रति चौरस मीटर विस्थापन म्हणजे सुमारे ३७.७ लाख जुनी एकके होतात, तर तेवढ्याच पृष्ठप्रभार घनतेसाठी आकडा सुमारे ३ लाख असतो. निर्वातात जुन्या पद्धतीप्रमाणे विस्थापन आणि क्षेत्र यांची मूल्ये एकच असल्यामुळे दोन्हींना एकाच आकड्याने गुणण्याचा मोह होतो. त्यामुळे पुस्तकातल्या सूत्रात ४π कुठे आहे, हे आधी पाहावे आणि मगच गुणाकाराला हात घालावा.