तीन मिनिटांची चुळबुळ

माझा भाचा तिसाव्या आठवड्यात जन्मला. घरी आल्यावर त्याच्या डाव्या हाताची मूठ कायम मिटलेली आणि अंगठा आत दुमडलेला असे. आंघोळ घालताना आई ती बोटे एकेक करून सोडवत असे. बहिणीने ही गोष्ट दोनदा डॉक्टरांच्या कानावर घातली आणि दोन्ही वेळा 'कमी दिवसांची मुले सगळेच उशिरा करतात, थोडे थांबून पाहू' हेच उत्तर मिळाले. सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींवरचा ताबा कमी होण्याच्या विकाराचे, निदान झाले तेव्हा तो दीड वर्षाचा होता.

इतके थांबायला हवे होते का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. निरोगी बाळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात उताणे पडल्या पडल्या मान, धड, मनगटे, घोटे असे सारे अंग बारीक-बारीक हलवत असते, आणि ही चुळबुळ न दिसणे हा मेंदूला इजा झाल्याचा भक्कम इशारा असतो, हे बाळांच्या मेंदूविकासाचे अभ्यासक हाइन्झ प्रेख्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच मांडले होते. (कमी दिवसांच्या बाळाचे हे महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे.) अडचण एवढीच, की ती ओळखणारी प्रशिक्षित नजर मोजक्याच ठिकाणी असते.

आता तिथे मोबाइल मदतीला आला आहे. ऑस्ट्रेलियातील 'बेबी मूव्ह्ज' ॲपमधून आईवडील घरीच चित्रफीत काढून तज्ज्ञांकडे पाठवतात. नॉर्वेतील संशोधकांनी त्यापुढे जाऊन, चित्रफितीतील बाळाच्या हालचाली संगणकाला वाचायला शिकवल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भारतासह पाच देशांतील, जोखीम असलेली ५५७ बाळे होती. पुढे सेरेब्रल पाल्सी झालेल्या बाळांपैकी सुमारे ७१ टक्के संगणकाने ओळखली. म्हणजे दहांतली जवळजवळ तीन निसटली; त्यामुळे डॉक्टरांची तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय यांना पर्याय नाही. तरीही मला हे मोलाचे वाटते, कारण मेंदू सर्वाधिक घडत असतो त्याच काळात हाताला वळण लावणारे व्यायाम सुरू करता येतात.

गेल्या आठवड्यात शेजारच्या, सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची चित्रफीत मी काढली. बाळ जागे आणि शांत असावे, हातपाय उघडे असावेत, जवळ खेळणे नसावे आणि कोणी त्याच्याशी बोलू नये, एवढेच पथ्य होते. आजी तीन मिनिटे तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. चित्रफीत या तपासणीचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे गेली असून मंगळवारी त्यांनी बाळाला घेऊन बोलावले आहे.